गल्ल्यातले चार टक्के

फ्रँचायझीचा करारनामा हातात आला की माणूस आधी डिपॉझिटचा आकडा बघतो, मग रॉयल्टीचा, मग दुकान सजवायला किती लागेल याचा. जाहिरातीचं कलम बहुतेक जण चाळून पुढे जातात. दोन-चार टक्क्यांचा तर प्रश्न आहे, आणि जाहिरात झाली की गिऱ्हाईक आपल्याच दुकानात येणार, अशी त्यामागची समजूत असते. करारातलं सर्वांत नीट वाचावं असं कलम मात्र हेच आहे. ब्रँडची कंपनी आपल्याला भागीदार मानते की नुसता वसुलीचा गल्ला मानते, ते इथे जितकं उघड होतं तितकं दुसऱ्या कुठल्याही कलमात होत नाही.

हे कलम साधारणपणे सगळीकडे सारखंच असतं. दुकानाच्या एकूण विक्रीवर ठरावीक टक्के दर आठवड्याला किंवा महिन्याला ब्रँडच्या जाहिरात निधीत भरायचे. शिवाय आपल्या भागात आपल्या खर्चाने जाहिरात करायची आणि त्याच्या पावत्या कंपनीला दाखवायच्या. उद्घाटनाच्या जाहिरातीसाठी काही रक्कम वेगळी काढायची. निधीतला पैसा कुठे, कधी आणि कशावर खर्च करायचा हे कंपनी आपल्या मर्जीने ठरवणार. तुमच्या गावात किंवा तुम्ही भरलेल्या रकमेच्या प्रमाणात खर्च करायला ती बांधील नसते, हे बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सचे दुकानदार विक्रीच्या किमान ४ टक्के जाहिरातीवर घालवतात. सबवेमध्ये ८ टक्के रॉयल्टीशिवाय विक्रीचे आणखी साडेचार टक्के जाहिरातीचे असतात आणि डॉमिनोजमध्ये हा आकडा ६ टक्क्यांपर्यंत गेलेला आहे. गाड्यांचे सायलेन्सर बसवून देणाऱ्या माइनेकी या साखळीत तर एकेकाळी आठवड्याच्या विक्रीचे तब्बल १० टक्के जाहिरातीच्या खात्यात जात.

चार टक्के म्हणजे नेमके किती, हे आपल्याकडच्या हिशेबाने मांडून पाहू. समजा साताऱ्यात कुणी एका ब्रँडचं खाद्यपदार्थांचं दुकान चालवतो आणि महिन्याची विक्री सहा लाख रुपये आहे. चार टक्के म्हणजे २४,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ४,३२०. साध्या उपाहारगृहाला आपल्या बिलावर ५ टक्के कर लावायचा असतो, पण भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून हे ४,३२० रुपये कायमचे गेले. एकूण झाले २८,३२०. आता माल, भाडं, पगार, वीज, रॉयल्टी, कर्जाचा हप्ता असं सगळं वजा जाता जाहिरातीची वर्गणी भरण्याआधी त्याच्या हाती सत्तर हजार उरत असतील, तर त्यातले चाळीस टक्के या एका कलमापायी जातात. कागदावर चार टक्के आणि खिशातून चाळीस, इतका हा फरक पडतो, कारण आकारणी विक्रीवर होते आणि घर चालतं ते नफ्यावर. पावसाळ्यात विक्री चार लाखांवर आली की भाडं आणि पगार तेवढेच राहतात, दुकान तोट्यात जातं, तरी त्या महिन्याचे १८,८८० रुपये भरावेच लागतात.

एवढं सांगितल्यावर ही सक्तीच अन्यायाची आहे असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. जाहिरातीची वर्गणी सक्तीची असली पाहिजे, आणि त्यामागचं कारण चोख आहे. एकाच नावाची पाचशे दुकानं असली की जाहिरातीचा फायदा पाचशेही दुकानांना होतो, मग पैसे कुणीही भरलेले असोत. वर्गणी ऐच्छिक ठेवली तर प्रत्येक जण शेजाऱ्याने भरावं म्हणून वाट बघत बसेल आणि शेवटी जाहिरातच होणार नाही. मॅकडोनाल्ड्सच्या दुकानदारांनी १९६७ साली राष्ट्रीय जाहिरातीसाठी आपली संस्था उभी केली आणि विक्रीचा एक टक्का एकत्र करायला सुरुवात केली, ती हेच उमगल्यामुळे. एकट्या दुकानाला देशभरच्या टीव्हीवर वेळ विकत घेणं अशक्य होतं. सर्वांनी मिळून ते जमवलं, आणि त्या जाहिरातींतून जे उभं राहिलं त्याचा फायदा दुकानदारांना आणि कंपनीला दोघांनाही झाला.

म्हणून पैसे सर्वांनी भरावेत, यावर माझा वाद नाही. भरलेले पैसे कुणाचे, हा माझा प्रश्न आहे. सगळ्यांनी सक्तीने भरलेला आणि सगळ्यांच्या फायद्यासाठी म्हणून गोळा केलेला पैसा कंपनीचं उत्पन्न होऊ शकत नाही. तो भरणाऱ्यांचा सामाईक निधी आहे, कंपनी फक्त त्याची राखणदार आहे. म्हणून त्याचं खातं वेगळं हवं, दर वर्षी हिशेब हवा, आणि काही निर्णयांत भरणाऱ्यांचं मत बंधनकारक हवं. हे नैतिकतेचं मागणं नाही. या धंद्याच्या रचनेतच एक फट आहे आणि ती बुजवण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

फट अशी आहे. कंपनीला मिळते रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा. दुकानदाराला मिळतो नफा, म्हणजे विक्रीतून खर्च वजा जाता उरलेलं. विक्री वाढली की नफाही वाढतो तोवर दोघांचं हित एकच. पण विक्री वाढूनही नफा घटेल अशी जाहिरात सहज करता येते: भाव पाडायचा आणि तो पाडलेला भाव देशभर ओरडून सांगायचा. गर्दी वाढते, गल्ला भरतो, कंपनीची रॉयल्टी वाढते आणि दुकानदार प्रत्येक नगामागे थोडं थोडं गमावत जातो. ही जाहिरात झालेली असते त्याच्याच पैशाने.

बर्गर किंगच्या बाबतीत २००९ मध्ये नेमकं हेच घडलं. कंपनीने डबल चीजबर्गर एक डॉलरला विकायचा ठरवला आणि टीव्हीवर त्याचा गाजावाजा सुरू केला. दुकानदारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. त्यांचा हिशेब असा होता की हा बर्गर करायला त्यांना किमान एक डॉलर दहा सेंट पडतात. त्यातले सुमारे पंचावन्न सेंट मांस, पाव, चीज आणि वरच्या मसाल्याचे, आणि बाकीचे भाडं, पगार, रॉयल्टी असे. म्हणजे दर बर्गरमागे दहा सेंटचा तोटा. आणि रॉयल्टी कशावर? विकलेल्या प्रत्येक डॉलरवर. बर्गर तोट्यात गेला तरी त्या डॉलरमधला कंपनीचा वाटा जाग्यावर होता. भावाची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार करारानुसार कंपनीकडे आहे असं न्यायालयाने म्हटलं, आणि पुढे २०११ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड करून वाद मिटवला. कायद्याच्या दृष्टीने कंपनी चुकली की नाही हा मुद्दा इथे दुय्यम आहे. ज्याच्या पैशाने आरोळी ठोकली जाते त्यालाच त्या आरोळीचा फटका बसतो आणि त्याला ती थांबवता येत नाही, ही व्यवस्था टिकाऊ नाही, एवढं या प्रकरणातून स्पष्ट होतं.

सबवेची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे सुरुवात दुकानदाराने केली. मायामीत एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात दुकानं चालवणाऱ्या स्टुअर्ट फ्रँकेल यांच्या लक्षात आलं की शनिवार-रविवारी गिऱ्हाईक रोडावतं. त्यांनी त्या दोन दिवसांपुरता फूटभर लांबीचा सँडविच सरळ पाच डॉलरला विकायला काढला. रांगा लागल्या. आसपासच्या दुकानदारांनी तेच केलं. कंपनीला ते पटायला वेळ लागला, पण २००८ मध्ये ती देशव्यापी योजना झाली आणि मंदीच्या काळात तिने साखळीला तारलं. पुढची दहा वर्षं भाडं वाढलं, पगार वाढले, मालाचे भाव वाढले. तरी कंपनीला त्या भावाचा मोह सुटला नाही. २०१७ च्या अखेरीस तोच सँडविच चार डॉलर नव्व्याण्णव सेंटला विकायची नवी मोहीम जाहीर झाली, तेव्हा शेकडो दुकानदारांनी सह्या करून विरोध नोंदवला. एकच भाव २००४ च्या सुमारास एका दुकानात शहाणपणाचा ठरला आणि २०१८ मध्ये हजारो दुकानांत घातक. हा फरक ज्याला रोजच्या गल्ल्यावरून कळतो तो दुकानदार असतो. मॅकडोनाल्ड्सचा रोनाल्ड हा विदूषकसुद्धा १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या दुकानदारांनी आपल्या गावच्या जाहिरातीसाठी उभा केला होता, कंपनीने तो नंतर उचलला. दुकानदाराला जाहिरातीतलं काय कळतं, असा प्रश्न कंपनीच्या कार्यालयांतून फार सहज विचारला जातो, म्हणून ही दोन उदाहरणं लक्षात ठेवावीत.

निधी कुणाचा, या प्रश्नावर कायद्याने काय उत्तर दिलं ते पाहायचं तर माइनेकीच्या खटल्याकडे जावं लागतं. फ्रँचायझीच्या इतिहासात जाहिरातीच्या पैशावरून इतका मोठा निकाल दुसरा लागलेला माझ्या माहितीत नाही. करारात लिहिलं होतं की दुकानदारांचा साप्ताहिक जाहिरात भरणा जाहिराती विकत घेण्यावर आणि लावण्यावर खर्च होईल. दुकानदारांचा आरोप असा की कंपनीने स्वतःचीच एक जाहिरात संस्था काढली आणि त्याच पैशातून तिला दलाली द्यायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याच खिशातून निघालेला पैसा आपल्याच नावाने आपल्या मालकाच्या दुसऱ्या खिशात. दहा दुकानदारांनी देशभरच्या आजी-माजी दुकानदारांच्या वतीने नॉर्थ कॅरोलायनात दावा लावला. ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि खालच्या न्यायालयाचा हुकूमनामा सुमारे ३९ कोटी डॉलरचा झाला. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो संपूर्ण रद्द केला.

रद्द करताना दिलेली कारणं इथे महत्त्वाची आहेत. वेगवेगळ्या दुकानदारांचे करार वेगवेगळे, त्यांची परिस्थिती वेगळी, म्हणून सर्वांनी मिळून एकच दावा लावता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. आणि दुसरं, अधिक मूलभूत: कंपनी आणि दुकानदार यांचं नातं करारातल्या दोन व्यावसायिक पक्षांचं आहे, विश्वस्ताचं नाही. करार मोडला असेल तर करारभंगाची भरपाई मागा, विश्वासघाताची नको. कायद्याच्या चौकटीत हे तर्कशुद्ध आहे, पण त्याचा परिणाम पाहा. दुकानदाराकडे एकच शस्त्र उरतं, ते म्हणजे करार. तो करार कंपनीच्या वकिलाने लिहिलेला असतो. त्या निकालानंतर शहाण्या कंपन्यांनी एवढंच शिकून घेतलं की कलमात काहीही ठाम कबूल करू नये. मर्जीने, योग्य वाटेल तसं, कोणतीही जबाबदारी न घेता, असे शब्द पेरत गेले की कोर्टाला भंग झाला असं म्हणायला जागाच राहत नाही. म्हणून करार करणाऱ्यांच्या हुशारीवर हा प्रश्न सोडून देता येत नाही. तो कायद्यातच सोडवावा लागेल.

करारात हक्क लिहून ठेवलेला असेल तर काय होतं, हे केएफसीच्या दुकानदारांनी दाखवून दिलं. कित्येक वर्षांपासून त्यांची जाहिरातीसाठी सहकारी संस्था होती आणि तिच्या समितीवर दुकानदारांचं बहुमत होतं. २००९ मध्ये कंपनीने भाजलेल्या कोंबडीवर भर देणारी मोहीम सुरू केली. दुकानदारांना भीती वाटली की ज्या तळलेल्या कोंबडीसाठी गिऱ्हाईक येतं तिच्याकडे दुर्लक्ष होतंय. पुढे वाद न्यायालयात गेला. जाहिरातीचा आराखडा मंजूर करण्याचा अंतिम अधिकार कंपनीचा की समितीचा, एवढाच प्रश्न होता. २०११ च्या सुरुवातीला डेलावेअरच्या न्यायालयाने संस्थेच्या स्थापनेच्या कागदपत्रांवर बोट ठेवून दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी नीट लिहून ठेवलं होतं, ते त्या दिवशी कामाला आलं.

अमेरिकेने कायद्याने काय केलं? १९७९ पासून तिथे फ्रँचायझी विकणाऱ्याला आधी माहिती उघड करावी लागते. २००७ मध्ये हा नियम सुधारला. सही करण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान चौदा दिवस आधी तेवीस बाबींचा एक जाडजूड दस्तऐवज घेणाऱ्याच्या हाती द्यावा लागतो. त्यातली अकरावी बाब जाहिरातीची आहे. निधीत कोण किती भरतं, कंपनीची स्वतःची दुकानं भरतात का, निधी कोण चालवतं, त्याचं लेखापरीक्षण होतं का, गेल्या वर्षी किती टक्के जाहिरात बनवण्यावर, किती माध्यमांवर आणि किती कारभारावर गेले, हे सगळं त्यात सांगावं लागतं. आणखी एक प्रश्न तिथे विचारलेला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो: या निधीतला किती पैसा मुख्यतः नव्या फ्रँचायझी विकण्याच्या जाहिरातींवर खर्च होतो? आपल्याकडे रस्त्यावरच्या कित्येक फलकांवर खालच्या ओळीत ‘फ्रँचायझीसाठी संपर्क करा’ असं लिहिलेलं असतं. अशा फलकाचा खर्च जुन्या दुकानदारांच्या वर्गणीतून होत असेल, तर तो माणूस कधीकधी आपल्याच गल्लीच्या टोकाला उघडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात करत असतो.

पण माहिती उघड केली म्हणून पैसा सुरक्षित होत नाही. अमेरिकेच्या नियमाची मर्यादा हीच आहे. कंपनीने प्रामाणिकपणे लिहिलं की लेखापरीक्षण होत नाही आणि खर्च आमच्या मर्जीने होतो, तरी नियम पाळला गेला असं ठरतं. ऑस्ट्रेलिया एक पाऊल पुढे गेला. तिथे २०१५ पासून लागू झालेल्या संहितेने जाहिरात निधीचं बँक खातं वेगळं ठेवायला लावलं. आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांच्या आत हिशेब तयार करायचा आणि त्याचं लेखापरीक्षण करून घ्यायचं. वर्गणी भरणाऱ्यांपैकी पंचाहत्तर टक्क्यांनी नको म्हटलं तरच लेखापरीक्षणातून सुटका. कंपनीची स्वतःची दुकानं असतील तर त्यांनीही त्याच दराने भरायचं. तिथल्या अल्ट्रा ट्यून या मोटार दुरुस्तीच्या साखळीला २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने सव्वीस लाख डॉलरच्या आसपास दंड ठोठावला, जो नंतर अपिलात कमी झाला. ज्या चुकांसाठी तो झाला त्यांत जाहिरात निधीचे हिशेब वेळेवर आणि पुरेशा तपशिलाने न देणं ही एक होती. हिशेब दिला नाही म्हणून दंड होऊ शकतो, ही एक गोष्ट कळली की कंपन्यांच्या लेखा विभागात सगळ्या फायली वेळेवर सापडू लागतात.

आता आपल्याकडे येऊ. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावर, ट्रेडमार्कच्या आणि स्पर्धेच्या कायद्यांवर सगळं भागवलं जातं. सही करण्याआधी काय सांगायचं याचं बंधन नाही, जाहिरातीचा पैसा वेगळा ठेवायचं तर नाहीच. वाद झाला की करारातल्या कलमानुसार लवादाकडे जायचं, आणि लवादाचं ठिकाण बहुधा कंपनीच्या सोयीचं. नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाने वर्षाच्या दोन-तीन लाखांच्या वर्गणीचा हिशेब मागायला दिल्लीत वकील लावायचा, हे होणं नाही.

आणि आपल्याकडे फ्रँचायझी घेतं कोण? चहा, वडापाव, आइस्क्रीम, बेकरी, औषधं, शिकवणी, लहान मुलांच्या शाळा, सगळ्यांचे ब्रँड आज जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. घेणारा अनेकदा निवृत्तीचा पैसा घेऊन आलेला असतो, किंवा मुलाला नोकरी लागत नाही म्हणून घर तारण ठेवून कर्ज काढलेला बाप असतो. त्याला धंदा माहीत नसतो. नावाच्या भरवशावर तो पैसे घालतो, आणि ते नाव मोठं करायचा खर्चही तोच उचलतो. मुंबई-पुण्यातल्या मेट्रोच्या खांबांवर लागलेल्या जाहिरातीत चंद्रपूरच्या दुकानाचाही वाटा असतो. त्या जाहिरातीने चंद्रपुरात किती कप चहा जास्त खपला, हे त्याला कोण सांगणार? शिवाय घरपोच खाणं पोचवणाऱ्या ॲपवर वर यायचं तर तिथे वेगळी जाहिरात करावी लागते. वर्गणी बिलाच्या पूर्ण रकमेवर मोजली जात असेल तर ॲपने कापून घेतलेल्या कमिशनवरसुद्धा दुकानदार वर्गणी भरतो, म्हणजे जो पैसा त्याच्या हातात कधी आलाच नाही त्यावर. करारात विक्रीची व्याख्या नीट वाचा, असं मी कळकळीने सांगतो ते यासाठी.

आपल्या कायद्याला हे तत्त्व परकं आहे असंही नाही. घर घेणाऱ्यांच्या बाबतीत आपण ते कधीच मान्य केलं आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. ते त्याच प्रकल्पाच्या बांधकामावर आणि जमिनीवर खर्च करायचे, आणि काढताना अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचे दाखले जोडायचे. त्याआधी काय होत होतं? एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीत जात होता आणि पहिल्या प्रकल्पाचे ग्राहक भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसत होते. महाराष्ट्रात महारेराचा कारभार सुरू झाला तेव्हा बिल्डरांनी गळा काढला होता, धंदा बंद पडेल म्हणून. धंदा चालू आहे. ठरावीक कामासाठी दुसऱ्याकडून घेतलेला पैसा वेगळा ठेवायचा आणि त्याच कामावर खर्च करायचा, हे घराच्या बाबतीत योग्य असेल तर दुकानाच्या जाहिरातीच्या बाबतीत अयोग्य कसं?

याला कंपन्यांचं जे खरं उत्तर आहे ते टाळून पुढे जाता येणार नाही. त्यांचं म्हणणं असं की जाहिरात समितीने ठरत नाही. शंभर दुकानदारांना विचारलं तर शंभर मतं येतील आणि जे सर्वांना चालेल असं काहीतरी बेचव बाहेर पडेल. डॉमिनोजचं उदाहरण त्यांच्या बाजूने भक्कम आहे. २००९ च्या अखेरीस या कंपनीने अशा जाहिराती केल्या ज्यात गिऱ्हाईक कॅमेऱ्यासमोर सांगतात की पिझ्झाचा पाव पुठ्ठ्यासारखा लागतो आणि सॉस केचपसारखा. मग कंपनी म्हणते, खरं आहे, आम्ही पाककृती बदलली. आपल्या मालाला जाहिरातीत नावं ठेवायला कुठली समिती तयार झाली असती? २०१० च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेतल्या जुन्या दुकानांची विक्री १४.३ टक्क्यांनी वाढली. एवढं धाडस एखाद्याच्या हाती निर्णय असल्याशिवाय होत नाही, हे मला मान्य आहे.

म्हणूनच मतदानाचा हक्क सरसकट नको, नेमका हवा. जाहिरातीत काय दाखवायचं, कुठली अभिनेत्री घ्यायची, घोषवाक्य काय असावं, हे कंपनीने ठरवावं, ते तिचं कसब आहे. दुकानदारांचं बहुमत दोनच ठिकाणी बंधनकारक असावं. पहिलं, वर्गणीचा दर वाढवायचा असेल तेव्हा. दुसरं, जाहिरात अशा भावाची किंवा सवलतीची असेल जी दुकानदाराला पाळावी लागणार आहे, तेव्हा. बर्गर किंगचा एक डॉलरचा बर्गर आणि सबवेचा पाच डॉलरचा सँडविच दोन्ही या दुसऱ्या प्रकारात बसतात. डॉमिनोजची मोहीम कुठल्याच प्रकारात बसत नाही, म्हणून तिला कुणाच्या परवानगीची गरज पडली नसती. नवा माल, नवा चेहरा, नवी पाककृती यांचा धोका कंपनीही उचलते. पाडलेल्या भावाचा धोका जवळजवळ सगळा दुकानदाराच्या अंगावर पडतो, म्हणून तिथे त्याचा शब्द चालला पाहिजे.

दर वाढवण्याआधी विचारायचं, हे अव्यवहार्य नाही याचा पुरावा गंमत म्हणजे बर्गर किंगनेच पुढे दिला. २०२२ मध्ये अमेरिकेतली दुकानं सावरायला कंपनीने दोन वर्षांत ४० कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं. त्यातले १५ कोटी जाहिरात आणि डिजिटल कामासाठी, तेही कंपनीच्या पैशाने. त्या बदल्यात दुकानदारांनी आपली वर्गणी ४ वरून साडेचार टक्के करायची तयारी दाखवली, पण अट अशी की आधी त्यांचा सरासरी नफा ठरलेल्या पातळीवर पोचला पाहिजे. मला या सौद्यातली ही अट सर्वांत महत्त्वाची वाटते. एक डॉलरच्या बर्गरवरून कोर्टात गेलेले हेच दोन पक्ष होते. आता वर्गणीच्या दरातली वाढ दुकानदाराच्या नफ्याला बांधली गेली. जाहिरातीने खरंच भलं होतं यावर कंपनीचा विश्वास असेल तर तिने ही अट घालून घ्यायला कचरू नये.

एक प्रश्न विचारला जाईल की लहान मराठी ब्रँडला हे सगळं झेपेल का. दहा-पंधरा दुकानं असलेला, पुण्यातल्या एखाद्या पेठेतून निघालेला चहावाला लेखापरीक्षण आणि मतदान कुठून करणार? ही अडचण खरी आहे आणि कायदा करताना ती लक्षात घ्यावीच लागेल. दुकानांची संख्या ठरावीक आकड्याच्या खाली असेल तर औपचारिक लेखापरीक्षणातून सूट द्यावी. मात्र वेगळं बँक खातं आणि वर्षाला एक पानी हिशेब यांतून कुणालाही सूट नको, अगदी दोन दुकानांच्या ब्रँडलासुद्धा. दुसरं चालू खातं उघडायला बँक अवाजवी खर्च मागत नाही. दर महिन्याला जीएसटीचं विवरण भरणारा सनदी लेखापाल त्या ब्रँडकडे आधीच आहे, आणि जाहिरात निधीच्या खात्यातल्या वर्षभराच्या नोंदी त्याच्याकडून एका पानावर उतरवून घेऊन प्रत्येक दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला फार तर एक दिवस लागेल.